एकसारख्या वेगाने चाललेल्या सायकलवरची बलं संतुलित की असंतुलित?

प्रश्न थोडक्यात असा: नऊ-दहा वर्षांच्या मुलांना संतुलित आणि असंतुलित बलं शिकवून झाली आहेत. टेबलावरचं पुस्तक आणि रस्सीखेच ही दोन्ही उदाहरणं त्यांना पाठ आहेत. पण ‘सपाट, सरळ रस्त्यावर सायकल एकसारख्या वेगाने चालली आहे, तिच्यावरची बलं संतुलित की असंतुलित?’ असं विचारलं की जवळजवळ सगळी ‘असंतुलित’ म्हणतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘ती चालतेय ना!’ चुकतंय कुठे आणि ते सुधारायचं कसं?

यात मुलांपेक्षा उदाहरणांचा दोष जास्त आहे. संतुलित बलांसाठी दाखवलेली प्रत्येक वस्तू स्थिर असेल आणि असंतुलित बलांसाठी दाखवलेली प्रत्येक वस्तू हलत असेल, तर मुलं त्यातून ‘संतुलित म्हणजे थांबलेलं, असंतुलित म्हणजे चाललेलं’ हाच नियम काढणार. दिलेल्या माहितीवरून तोच निघतो. शिवाय रोजचा अनुभवही तेच सांगतो. ढकलणं सोडलं की खोकं थांबतं, पायडल मारणं सोडलं की सायकल मंदावते. चालत्या वस्तूला चालत राहण्यासाठी सतत बल लागतं, असं ॲरिस्टॉटलपासून पुढे जवळपास दोन हजार वर्षं मोठमोठी माणसं मानत होती. गॅलिलिओने घर्षण बाजूला काढून विचार केला आणि न्यूटनने १६८७ मध्ये नियम मांडले, तेव्हा कुठे हे सुटलं. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला एका तासात ते पटलं नाही, तर त्यात नवल नाही.

मुलांच्या मनात बसवायचं वाक्य एकच आहे: बलं संतुलित असतील तर गती बदलत नाही, असंतुलित असतील तर बदलते. सगळा भर ‘बदलते’ या शब्दावर द्यायचा. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहिली, तर गती बदलली नाही. चाललेली वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहिली, तरीही गती बदलली नाही. बदल म्हणजे वेग वाढणं, वेग कमी होणं किंवा दिशा वळणं. या तिघांपैकी काहीही दिसलं की असंतुलित बल शोधायचं. काहीच दिसलं नाही, तर बलं एकमेकांना पुरी पडताहेत असं समजायचं. सायकलवर मागच्या दिशेने हवेचा आणि चाकांचा विरोध असतो, पायडलमुळे पुढे ढकल मिळते. दोन्ही सारखे झाले की वेग टिकतो. पायडल सतत मारावं लागतं ते विरोधाची भरपाई करायला.

हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवताना बहुतेक ठिकाणी जो प्रयोग केला जातो, तोच घात करतो. लाकडी ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी ताणकाटे (ओढीचं बल दाखवणारे स्प्रिंगचे काटे) अडकवायचे आणि ओढायचं. दोन्हीकडे २ न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक) असताना ठोकळा हलत नाही, इथपर्यंत ठीक. मग एका बाजूचं बल २.५ न्यूटन करून ‘आता बलं असंतुलित झाली, आता हलेल’ असं जाहीर होतं, आणि ठोकळा जागचा हलत नाही. कारण टेबलाचं घर्षण उरलेला अर्धा न्यूटन सहज पेलतं. साधारण ४०० ग्रॅमचा ठोकळा लाकडी टेबलावर असेल, तर घर्षण एक-सव्वा न्यूटनपर्यंत तग धरू शकतं, म्हणजे दुसरीकडचं बल सव्वातीन न्यूटनच्या आसपास जाईपर्यंत काही घडत नाही. त्याआधीच मुलांनी ठरवून टाकलेलं असतं की पुस्तकातलं एक आणि खरं दुसरं.

यावर उपाय म्हणून काही जण ठोकळ्याऐवजी किल्ल्यांच्या जुडग्याची छोटी रिंग वापरतात. ते तर आणखी वाईट. रिंग इतकी हलकी असते की तुम्ही ती कुठेही ओढत न्या, दोन्ही काटे जवळजवळ सारखाच आकडा दाखवतात. मग ‘बलं सारखी आहेत तरी रिंग तिकडे का गेली?’ या प्रश्नाला त्या वयात देण्याजोगं उत्तर नसतं. ताणकाट्यांनीच दाखवायचं असेल, तर चाकांची गाडी घ्या, तिच्यावर वजन ठेवून ती एक किलोच्या आसपास करा आणि काटे आडवे धरूनच शून्यावर आणा. काटा उभा असताना हुकाच्या वजनाने स्प्रिंग किंचित ताणलेली असते. आडवा केला की ती ओढ जाते आणि दर्शक शून्यावरून सरकतो. ०.२ न्यूटनच्या फरकावर बोलायचं असेल, तर ही चूक छोटी नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगली मांडणी दोन कपांची. साधारण ७५ सेंमी उंचीचं, निदान सव्वा मीटर लांबीचं टेबल घ्या. मोकळ्या चाकांची गाडी वजनासकट एक किलोची करा. गाडीच्या दोन्ही टोकांना बारीक, न ताणणारा दोरा बांधून तो टेबलाच्या दोन्ही टोकांवरून खाली सोडा आणि प्रत्येक टोकाला एक कप लटकवा. कपात वॉशर टाकून दोन्ही कप १०० ग्रॅमचे करा. १०० ग्रॅम वजन म्हणजे जवळजवळ १ न्यूटन, हे मुलांना इथेच सांगून टाका; पुढे फार उपयोगी पडतं. दोरा टेबलाच्या काठावरून घासत जाऊ देऊ नका. गुळगुळीत काठही दोऱ्याची चांगलीच ओढ खातो, मग तीन-चार वॉशर वाढवले तरी गाडी ढिम्म. कप्पी नसेल, तर दोऱ्याचं रिकामं रीळ जाड खिळ्यावर मोकळं फिरेल असं बसवा. टेबल दोन्ही बाजूंनी सपाट आहे ना, हे गोटी ठेवून पाहा. गोटी आपोआप घरंगळत असेल, तर पायाखाली कागदाची घडी सारा.

सुरुवातीला डावा कप जमिनीपासून दोन बोटं वर आणि उजवा सुमारे ४० सेंमी वर ठेवा. गाडीच्या वाटेवर दर २० सेंमीला खडूची खूण करा. दोन्हीकडे १०० ग्रॅम असताना गाडी स्थिर. आता हाताने उजवीकडे हलकासा धक्का द्या. ती थोडी जाऊन थांबेल. थांबणं म्हणजे वेग कमी होणं, म्हणजे असंतुलित बल आलं कुठून तरी. ते कुठून आलं, हे मुलांनाच विचारा. चाकांचं आणि रिळांचं घर्षण हे उत्तर बहुधा तीच देतात.

मग त्या घर्षणाची भरपाई करायची. उजव्या कपात छोटे वॉशर एकेक करून टाका आणि प्रत्येक वेळी गाडीला तसाच हलका धक्का द्या. एका टप्प्यावर गाडी धक्का मिळाल्यावर वेग न वाढवता, न मंदावता चालायला लागते. गाडी कशी आहे त्यावर यासाठी २० ते ५० ग्रॅम लागतात. समजा ३० ग्रॅम लागले. टाळ्या वाजवून किंवा स्टॉपवॉचने पाहिलं, तर पहिले २० सेंमी आणि पुढचे २० सेंमी सारख्याच वेळात पार होतात. इथे थांबा आणि घाई करू नका, कारण सगळ्या पाठाचं सार या क्षणात आहे. उजवीकडे १.३ न्यूटन, डावीकडे कपाचा १ न्यूटन अधिक घर्षणाचे ०.३ न्यूटन. वजाबाकी शून्य. बलं संतुलित आहेत आणि गाडी चालते आहे. तिला चालू कुणी केलं? हाताच्या धक्क्याने, तो लागत होता तेवढाच वेळ. नंतर हात नाही, तरी वेग टिकून आहे.

आता उजव्या कपात आणखी ५० ग्रॅम टाका आणि गाडी धक्का न देता नुसती सोडा. निव्वळ बल सुमारे अर्धा न्यूटन. पहिले २० सेंमी जायला जवळजवळ एक सेकंद लागतो, पुढचे २० सेंमी त्याच्या निम्म्याहून कमी वेळात. वेग वाढत जातो हे डोळ्यांना सहज दिसतं. गाडी मुद्दाम जड ठेवली ती एवढ्यासाठीच. हलकी गाडी सुसाट सुटते आणि वेग ‘एकदम आला’ असं वाटतं, तो वाढत गेला हे दिसतच नाही.

शेवटी आणखी एक गंमत फुकटात मिळते. ४० सेंमी झाले की उजवा कप जमिनीला टेकतो आणि त्याची ओढ संपते. मुलांना आधी अंदाज करायला लावा: गाडी त्याच क्षणी थांबेल का? बरीच मुलं ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्षात गाडी त्याच दिशेने आणखी दहा-बारा सेंमी जाते, मंदावते, क्षणभर थांबते आणि डावा कप तिला मागे ओढतो. म्हणजे बल डावीकडे आणि गाडी तरीही उजवीकडे जाते आहे, असा काही काळ असतो. बल ज्या दिशेला, त्याच दिशेला वस्तू चाललेली असते हा समज इथे मोडतो. बलाच्या दिशेने घडतो तो गतीतला बदल. ब्रेक लावलेल्या सायकलचंही तेच. उजव्या बाजूला टेबलावर दोन पुस्तकं आडवी लावा, नाहीतर धक्का जोरात लागला तर गाडी सरळ जमिनीवर.

ही मांडणी जमण्यासारखी नसेल, तर कपकेक भाजायच्या कागदी वाट्या आणा. एक वाटी, तोंड वर करून, दोन मीटरवरून सोडा. सुरुवातीला तिचा वेग वाढतो, पण फार थोडा वेळ. लवकरच हवेचा विरोध तिच्या वजनाइतका होतो आणि उरलेलं अंतर ती एकसारख्या वेगाने उतरते. बलं संतुलित, आणि वाटी खाली येतेच आहे. मग चार वाट्या एकात एक घालून दोन मीटरवरून आणि एकच वाटी एक मीटरवरून, एकाच क्षणी सोडा. दोन्ही जवळजवळ एकदमच जमिनीवर टेकतात. चौघींचं वजन चौपट, त्यामुळे विरोधही चौपट व्हावा लागतो. आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो, म्हणून चार वाट्या दुप्पट वेगाने उतरतात. वाटी चुरगळलेली असेल किंवा पंखा चालू असेल, तर ती भरकटते आणि प्रयोग फसतो. पावसाच्या थेंबाची गोष्टही इथेच जोडता येते. हवा नसती, तर एक किलोमीटर उंचीवरून पडलेला थेंब ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने डोक्यात आला असता. प्रत्यक्षात मोठे थेंबसुद्धा सेकंदाला नऊ-दहा मीटरच्या पुढे जात नाहीत.

टेबलावरचं पुस्तक टाकून देऊ नये, पण त्यातली अडचण वेगळी आहे. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते हे मुलं मानतात. टेबल पुस्तकाला वर ढकलतं हे मात्र त्यांना पटत नाही. टेबल निर्जीव, ते कसलं ढकलणार, ते नुसतं आडवं आलंय. त्यासाठी दोन पुस्तकांच्या चळतींवर ३० सेंमीची प्लॅस्टिकची पट्टी पुलासारखी ठेवा आणि मधोमध वजन वाढवत न्या. पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी वर उसळू पाहते हे बोटाला जाणवतं. मग लाकडी पट्टी ठेवा, ती कमी वाकते. मग जाड फळी, तिचं वाकणं दिसतही नाही. टेबल म्हणजे त्याहून जाड फळी. या क्रमाने गेलं की ‘टेबल किंचित दबतं आणि परत ढकलतं’ हे वाक्य मुलं स्वतःच बोलतात.

इथे एक धोका मोठ्यांसाठी आहे. पुस्तकाचं वजन आणि टेबलाची वरची ढकल या जोडीला क्रिया-प्रतिक्रिया म्हणू नका. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, म्हणून त्यांची वजाबाकी करता येते. क्रिया-प्रतिक्रिया नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. दोन वस्तूंवरची बलं एकमेकांना संतुलित करू शकत नाहीत. या वयात न्यूटनचा हा क्रिया-प्रतिक्रियेचा तिसरा नियम काढूच नये, पण काढलाच तर ही गल्लत नको.

रस्सीखेचही दिसते तेवढी सोपी नाही. चित्रात डावीकडे ३०० न्यूटन, उजवीकडे २०० न्यूटन आणि दोर डावीकडे असं दाखवतात. खरा दोर हलका असतो, त्यामुळे रिंगसारखंच होतं: दोन्ही संघांच्या हाताला ताण जवळजवळ सारखाच लागतो, जिंकणाऱ्यांच्याही आणि हरणाऱ्यांच्याही. निकाल लागतो तो पायांशी. जो संघ जमिनीला जास्त जोराने रेटतो, त्याच्याकडे सगळे सरकतात. म्हणून रस्सीखेच शिकवायचीच असेल, तर दोन्ही संघ आणि दोर मिळून एकच वस्तू धरा आणि बाण पायांपाशी काढा.

बाणांचं म्हणाल, तर त्याचे नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावेत. १ न्यूटनला १ सेंमी. अर्ध्या किलोच्या पुस्तकावर खाली ५ सेंमीचा बाण आणि वर ५ सेंमीचा. बाण वस्तूपासून सुरू होतो. एका चित्रात एकाच वस्तूवरची बलं. एका रेषेत, एकाच दिशेची बलं मिळवायची, उलट दिशेची वजा करायची. तिरप्या बलांच्या नादी या वयात लागू नये. गतीची दिशा दाखवायची असेल, तर ती वस्तूच्या वर, वस्तूला न टेकणाऱ्या तुटक बाणाने, वेगळ्या रंगात. हे वेगळं ठेवलं नाही, तर घरंगळणाऱ्या चेंडूच्या पुढे मुलं हमखास एक ठसठशीत बाण काढतात आणि त्याला ‘पुढे जायचं बल’ म्हणतात.

त्या बाणासाठी एक कसोटी पुरते: प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचं, ‘हे कोण ढकलतंय किंवा ओढतंय?’ पृथ्वी, जमीन, हात, दोरा, हवा, चुंबक असं काहीतरी नाव सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही, तर बाण खोडायचा. पायाने मारलेला चेंडू मैदानावरून चालला असताना पाय मागे राहिलेला असतो. पुढे ढकलणारं कुणीच नाही, तेव्हा बाण गेला. उरतं मागच्या दिशेचं घर्षण, आणि म्हणूनच चेंडू मंदावतो. ‘पण मग तो पुढे जातोच का?’ असं मूल विचारेल. तो आधीच पुढे जात होता, आणि ते थांबवायला वेळ लागतो, एवढंच उत्तर द्यावं. ‘चेंडूत भरलेलं बल हळूहळू संपतं’ असं सोपं करून सांगायचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढच्या वर्गात हेच उपटून काढताना नाकी नऊ येतात. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये सोडलं. आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जातं आहे, आणि त्यासाठी कुठलंही इंजिन त्याला मागून ढकलत नाही. सूर्याची ओढ तेवढ्या अंतरावर अगदी क्षीण आहे आणि घर्षण करायला तिथे जवळजवळ काही नाही. मोठ्या मुलांना हे उदाहरण भावतं.

दिशा वळण्याकडे बहुतेक पाठांत दुर्लक्ष होतं, आणि ते दाखवायला पाच मिनिटं पुरतात. उभ्या काठाची कागदी ताटली घ्या, तिचा एक चतुर्थांश भाग कापून टाका आणि ती सपाट टेबलावर ठेवून काठालगत गोटी फिरवत सोडा. गोटी कापलेल्या जागेतून बाहेर पडल्यावर कशी जाईल, याची रेघ आधी कागदावर काढायला सांगा. पुष्कळ जण वळणदार रेघ काढतात. गोटी मात्र सरळ जाते. काठ तिला आत ढकलत होता तोवर ती वळत होती. काठ संपला, ढकल संपली, वळणही संपलं. काठ पसरट असेल, तर गोटी त्यावर चढून उडते, म्हणून काठ उभाच हवा.

सूत्रं आणि त्वरण हे शब्द या टप्प्यावर गरजेचे नाहीत. न्यूटन हे एकक मात्र जरूर वापरा. आकड्यांशिवाय ‘सारखी’ आणि ‘जास्त’ एवढंच हातात उरतं, वजाबाकी शून्य येण्याचा आनंद मिळत नाही.

कळलं की नाही हे पाहायला ओळखीची उदाहरणं पुन्हा विचारून उपयोग नाही. एकसारख्या वेगाने वर चाललेली लिफ्ट विचारा: दोराची ओढ वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढीच? तेवढीच. वर जायला सुरुवात करताना मात्र क्षणभर जास्त, आणि वरच्या मजल्यावर थांबताना क्षणभर कमी. एकसारख्या वेगाने उतरणारी विचारली तर? तरीही तेवढीच, आणि हे उत्तर कारणासकट देणाऱ्या मुलाला विषय समजला असं धरायला हरकत नाही. त्यानंतरचा अवघड प्रश्न सरळ वर फेकलेल्या चेंडूचा. सर्वांत उंच जागी तो क्षणभर थांबतो, तेव्हा बलं संतुलित असतात का? ‘थांबला म्हणजे संतुलित’ हा जुना समज मनात शिल्लक असेल, तर तो इथे बाहेर येतो. तसं झालं तर बाणांची कसोटी लावा: वर ढकलणारं त्या क्षणी कोण आहे? कुणीच नाही. पृथ्वी मात्र खाली ओढतेच आहे. बलं संतुलित असती, तर थांबलेला चेंडू तिथेच हवेत लटकून राहिला असता.